होडीचं पोट

लामिलला मूल झालं नाही, म्हणून ती शेवटपर्यंत नुसती लामिलच राहिली. आमच्या तळ्याकाठी बाईला पहिलं मूल झालं की तिचं स्वतःचं नाव मागे पडतं, मग ती अमक्याची आई. ये उबॉन म्हणजे उबॉनची आई, ये सिदांग म्हणजे सिदांगची. साठीला टेकलेल्या लामिलला मात्र कालच्या पोरीही 'ए लामिल' म्हणून हाक मारायच्या आणि ती मुकाट्याने ओ द्यायची. तिला त्याचं काही वाटत नव्हतं असं सांगणारे लोक आहेत. त्यांनी तिच्या तोंडाकडे कधी नीट बघितलेलं नाही, एवढंच मी म्हणेन.

एकोणिसाव्या वर्षी ती तळ्यापलीकडून या घरात आली, धाकटी बायको म्हणून. दोन घोडे आणि एक मोठी काशाची घंटा मोजून आणली होती तिला, आणि ती काही रूपावर भाळून नव्हे. तिच्या बोटांत वाख तुटत नाही अशी ख्याती होती. केळीसारख्या आबाकाच्या खोडातून काढलेला तो केसासारखा वाख भर दुपारी नुसता हात लावला तरी तडकतो, म्हणून आमच्या बायका पहाटे नाहीतर उन्हं उतरल्यावर मागावर बसतात. लामिल मात्र टळटळीत उन्हात बसायची आणि एक तार तुटायची नाही. नवऱ्याने ती बोटं आणली ती थोरलीसाठी. थोरलीला स्वप्नं पडत होती, आणि स्वप्नांना हात हवे होते.

थोरली म्हणजे बोई. बोई म्हणजे मोठ्या घरची बाई, तिला नावाने कोणी हाक मारत नाही. तिची मुलगी सिदांग, तेवढी एकच. बोई खरोखरच मोठी होती, त्यात खोट काढायला जागा नाही. आमच्यात नक्षी कोणी मनाने काढत नाही, ती दिसावी लागते. आबाकाची मालकीण फु दालू झोपेत येते, ज्या बाईला दाखवायची तिला दाखवते, आणि जिला दाखवली तिची ती नक्षी. हात कोणाचे का असेनात. दुसऱ्या बाईला ती नक्षी विणायची झाली तर स्वप्नवालीकडे जावं, विचारावं, भेट द्यावी, मगच हात लावावा. आणि मनानेच जुळवून विणलेलं कापड? ते मुकं कापड. दिसायला तेच लाल, तेच काळं, पण त्यातून फु दालूला ऐकू जात नाही. ते बाळंतिणीवर पांघरलं काय नि न पांघरलं काय, सारखंच.

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं घराचं रहाटगाडगं असंच चाललं. सकाळी बोई अंथरुणात उठून बसायची, पानाचा तोबरा भरायची आणि काय दिसलं ते सांगायची. खेकड्याची चाल, ढालीवरची चंद्रकोर, बेडकाचे फाकलेले पाय. लामिल ऐकायची आणि त्याच दिवशी वाख ताणून गाठी मारायला घ्यायची. जिथे गाठ तिथे रंग चढत नाही, एवढंच काय ते शास्त्र, पण हजारो गाठी कुठे मारायच्या हे कागदावर नसतं, डोक्यात असतं. मग रानातली पानं उकळून काळा रंग, मुळ्या उकळून लाल, मग माग, मग शेवटी कवडी घासघासून कापडाला चकाकी आणायची. कापड निघालं की लोक म्हणायचे, बोईचं कापड. लामिल कडेला बसून पाठ चोळत असायची. शेजारची ये उबॉन तोंडाची फटकळ, ती चिडवायची की हिचं म्हणजे दात आहेत पण चणे नाहीत, बोटं आहेत पण झोप नाही. लामिल हसायची. रीत आहे म्हटल्यावर तक्रार कशाची करणार?

नवरा गेला आणि बोईची स्वप्नं आटली. एकदम आटली, विहीर आटावी तशी. सकाळी उठून बसायची आणि गप्प राहायची. पहिले काही महिने म्हणाली, दुःख आहे, येतील. मग वर्ष गेलं. डोळ्यांवर पांढरा पडदा धरू लागला, तो वेगळाच. त्याच सुमाराला भावकीतल्या एका लग्नाच्या कापडाचं काम आलं, वाख सोलून वाळवून दारात आणून ठेवला माणसांनी. बोई म्हणाली, परत पाठवा, माझ्याकडे द्यायला काही नाही. आणि तिने अन्न टाकलं. दोन दिवस ताट तसंच उचललं लामिलने. तिसऱ्या सकाळी ताट पुढे ठेवताना तिच्या तोंडून निघून गेलं, "बोई, रात्री तुम्ही झोपेत बोललात."

बोईने मान वर केली. काय बोलले, विचारलं. लामिलने हाताला लागेल ते सांगितलं: पाण्यातली वेल, तिला दोन्ही बाजूंनी पानं, मधे सापाचे खवले. बोई ऐकत राहिली आणि हळूहळू तिचा चेहरा उजळला. "हो, हो, वेलच," म्हणाली, "सकाळी विसरायला होतं गं हल्ली." आणि भात ओढून घेतला.

दया होती, मान्य. पण नुसती दया नव्हती, आणि हे लामिलनेच मला एकदा सांगितलंय, पान खाता खाता, दुसरीकडे बघत. नवरा नाही, मूल नाही, अशी धाकटी त्या घरात कशासाठी? थोरलीची स्वप्नं विणायला. स्वप्नंच संपली तर हातांचं काय लोणचं घालायचं? म्हणून ती बोलली. आणि एकदा बोलली म्हणजे झालं का? खोट्याला पाठीमागून दुसरं खोटं लागतंच. अकरा वर्षं, दर वर्षा-सव्वा वर्षाने, वाख दारात आला की बोई झोपेत बोलायची आणि लामिल ते ऐकायची.

बोईला ते खरंच वाटायचं. हे नीट लक्षात ठेवा. बोईने कधी सोंग केलं नाही. लामिल सांगायची तसतसं तिला आठवायचं, तीही मधेच भर घालायची, इथे कोर उलटी होती बघ, म्हणून. गाठींवरून बोटं फिरवून मान डोलवायची. अकरा वर्षांत नऊ कापडं निघाली, नऊही मुकी, आणि हे पृथ्वीच्या पाठीवर एकाच बाईला ठाऊक होतं.

त्या नऊ कापडांतलं एक सिदांगवर पांघरलं होतं. सिदांग पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, दोन दिवस अडली. बोईने ते कापड स्वतःच्या हाताने तिच्या अंगावर घातलं, वरून हात फिरवत बसून राहिली. ना बाळ राहिलं, ना आई. त्याच कापडात गुंडाळून तिला पुरलं. बोईने नंतर मोठ्याने आक्रोश केला नाही. म्हणायची, नेणारे नेतात, पण माझं स्वप्न तिच्या अंगावर होतं, एवढं तरी झालं. दर थोड्या दिवसांनी म्हणायची, आणि लामिल त्या वेळी काहीतरी निमित्त काढून चुलीकडे जायची.

आणि मग, अठ्ठावन्न वर्षांच्या लामिलला स्वप्न पडलं.

ती तळ्याच्या तळाशी उताणी पडली होती आणि गुदमरत नव्हती. वरून एक होडी चालली होती, तिचं काळं पोट तेवढं दिसत होतं. होडीच्या दोन्ही अंगांनी लाटांच्या चौकटी निघत होत्या, एकीत एक, एकीत एक, आणि प्रत्येक चौकट एका कोपऱ्यात उघडी. एक ओल्या केसांची बाई शेजारी बसून त्या उघड्या कोपऱ्यावर बोट ठेवत होती. इथे गाठ सोड, इथे सोड, असं. बोलली नाही, नुसतं दाखवलं. लामिल जागी झाली तेव्हा तिची बोटं अंथरुणावर गाठी मारत होती.

काय वाटलं असेल तिला! आयुष्यभर दुसऱ्याच्या पंगतीत वाढप केलेल्या बाईच्या पानात कोणी पहिल्यांदा वाढावं. ती उठली ती धावतच बोईकडे गेली. तिथेच चुकलं. आधी ये उबॉनला सांगितलं असतं, गुराला सांगितलं असतं, कोणालाही. पण चाळीस वर्षांची सवय, सकाळ झाली की स्वप्न बोईच्या अंथरुणापाशीच बोललं जायचं. धापा टाकत तिने सगळं सांगितलं, होडी, चौकटी, उघडे कोपरे.

बोई डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "हो, तेच. फार स्पष्ट बोलले वाटतं मी या खेपेला?"

लामिल म्हणाली, नाही बोई, हे तुम्ही नाही बोललात, हे मला दिसलं. बोई हसली, लाडाने हसली. म्हणाली, कानावर पडलं की झोपेत दिसणारच ना वेडे, मनी वसे ते स्वप्नी दिसे. आणि पानदान पुढे सरकवलं.

चोर असती तर लामिलने तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. चोराशी भांडता येतं. या बाईशी कशी भांडणार? तिने जे चोरलं ते लामिलनेच तिच्या हातात आणून ठेवलं होतं, अकरा वर्षं, रोज थोडं थोडं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. लामिलने वाख ताणला आणि गाठी मारायला बसली, कारण नक्षी डोळ्यांपुढे होती तोवर ती बांधायलाच हवी होती. रोज संध्याकाळी बोई जवळ येऊन बसायची आणि बोटांनी चाचपत विचारायची, इथे कोपरा उघडाच ना? लामिल म्हणायची, हो, उघडाच. पुढे पुढे बोई तो न विचारताच सांगू लागली.

कापड मागावर असतानाच शाळेचे रोहेल मास्तर बातमी घेऊन आले. बाहेरच्या व्यापाऱ्यांनी आमच्या नक्ष्या उचलून यंत्रावर छापायला सुरुवात केली होती, म्हणून मोठ्या कचेरीतून माणसं येणार होती. प्रत्येक नक्षीचा फोटो काढणार, तिची हकीकत लिहून घेणार आणि पुढे स्वप्न पाहणारीचं नाव लिहिणार. एकदा लिहिलं की लिहिलं, मास्तर म्हणाले, नातवंडांच्या नातवंडांनाही वाचता येईल. बायकांना हसू आलं, आपल्याला कुठे वाचता येतंय. लामिल हसली नाही. ज्याच्या नावाने तिला हाक मारावी असं पोर या जगात नव्हतं, पण एक नक्षी होती. 'होडीचं पोट, लामिल.' त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. माग ओढताना ती ते तीन शब्द तोंडातल्या तोंडात पुटपुटायची, हे ये उबॉनने ऐकलंय.

ती बोईशी आधी बोलली का नाही, असं तुम्ही विचाराल. बोलली. दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा बोई म्हणाली, हे कापड झालं की मी सुखाने मरेन, अशी नक्षी मला तरुणपणीही पडली नव्हती. दुसऱ्यांदा सिदांगचा विषय निघाला. लामिल चुलीकडे गेली.

कचेरीची माणसं आली ती सकाळी, दोन मोटारसायकलींवर मागे बसून, चिखलाने माखलेली. एक बाई होती, चष्मेवाली, वागायला चांगली. तिला आमची भाषा येत नव्हती, मास्तर मधे होते; मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. गावातल्या सगळ्या विणकरणी बोईच्या घरात जमल्या, बांबूच्या जमिनीवर दाटीवाटीने, कापडं मांडीवर घेऊन, कारण कापड खाली पसरलं आणि कोणाचा पाय ओलांडून गेला तर अपशकुन. एकेकीने सांगितलं, बाईने लिहून घेतलं. मग होडीचं पोट उलगडलं. खोटं कशाला सांगू, तसं कापड मी त्याआधी पाहिलेलं नाही, त्यानंतरही नाही. चष्मेवालीने चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

बोईने सांगायला सुरुवात केली. मी तळ्याच्या तळाशी होते, उताणी. होडीचं पोट काळं होतं. ओल्या केसांची बाई होती, बोलली नाही. प्रत्येक शब्द लामिलचा होता, लामिलने धापा टाकत सांगितलेला, फक्त आता तो खणखणीत आवाजात, बोईच्या थाटात येत होता.

लामिल उभी राहिली. म्हणाली, "मास्तर, त्यांना सांगा. नक्षी माझी आहे. मला दिसली."

मास्तरांनी भाषांतर केलं नाही, तिच्याकडे बघत राहिले. ये उबॉन म्हणाली, "चाळीस वर्षं नुसती घोरलीस बये, आणि कचेरी दारात आल्यावर बरं स्वप्न पडलं?" हशा झाला. सवत ती सवतच, कोणीतरी मागून पुटपुटलं. लामिलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ती म्हणाली की विचारा बोईंना, नवरा गेल्यापासून, अकरा वर्षांत त्यांना एकदा तरी—

आणि थांबली. पण अर्ध्यावर थांबलेलं बोलणंच लोक जास्त लक्ष देऊन ऐकतात. हशा बंद झाला.

बोईला राग आला नव्हता. राग आला असता तर फार बरं झालं असतं. ती आपले पांढरे डोळे लामिलच्या आवाजाकडे वळवून, काही कळत नसल्यासारखी बसली होती. म्हणाली, अकरा वर्षांत काय? मी झोपेत बोलते ना? तूच ऐकतेस ना? मग तिच्या मनात काय हिशेब चालला तो आम्हाला दिसत होता, कपाळावरून एकेक सुरकुती सरकत होती. तिचा हात पुढे आला आणि हवेत चाचपू लागला.

"लामिल," ती म्हणाली, "मग सिदांगच्या अंगावरचं?"

घरात वीस बायका होत्या. सिदांगच्या बाळंतपणाला त्यातल्या निम्म्या हजर होत्या. चष्मेवाली मास्तरांना विचारत होती, काय झालं, काय झालं. मास्तर म्हणाले, थांबा.

लामिलकडे उत्तर होतं आणि ते खरं होतं. ते दिलं असतं तर तिचं नाव लागलं असतं, आज ना उद्या लागलंच असतं, कारण बोई खोटं रेटणारी बाई नव्हती. फक्त सिदांग उघडी पडली असती, आठ वर्षांमागे, दोन दिवस अडलेली, अंगावर काहीच नसलेली. काय उदार झाली असं समजू नका. तिच्या तोंडाकडे मी बघत होतो. माया नव्हती त्यात, असेल तर मला दिसली नाही. कोंडीत सापडलेल्या जनावराचं असतं तसं तोंड होतं ते.

"तुम्ही बोललात, बोई," ती म्हणाली. "मी ऐकलं."

"आणि हे?"

"हेही."

बोईने सुस्कारा सोडला आणि हात मागे घेतला. बायका पुन्हा बोलू लागल्या, या वेळी जरा जास्तच मोठ्याने. ये उबॉन म्हणाली, बघा, मी म्हटलंच होतं. चष्मेवालीने लिहिलं: होडीचं पोट, आणि पुढे बोईचं नाव, पूर्ण नाव, जे आम्हीही कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. विणणारीसाठी त्या पुस्तकात जागा नव्हती. तिने मास्तरांमार्फत लामिलला सांगितलं की हात फार छान आहे. मास्तरांनी ते भाषांतर मात्र केलं. लामिल खाली बसली आणि कापडाची घडी घालू लागली, उघडे कोपरे आत घेऊन.

त्यानंतर गावात तिचं नाव निघालं ते असं: थोरलीचं स्वप्न लाटायला निघाली होती. म्हातारपणी हाव सुटली. पाणवठ्यावर बायका तिला जागा द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बोईने मात्र एका शब्दाने विषय काढला नाही. उलट जास्तच गोड वागायला लागली, लहान मुलाने चोरून खाल्लं आणि आपण बघून न बघितल्यासारखं केलं की वागतो तसं. लामिल मला म्हणाली, "मारलं असतं तर चाललं असतं."

पावसाळा संपता संपता माहेरच्या बाजूचा, तळ्यापलीकडचा, वाख आला. लामिलच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं आणि त्यांना होडीचं पोटच हवं होतं. लामिलने वाख ताणला, पहिली गाठ मारायला सुतळी दातात धरली, तेवढ्यात बोई आतून म्हणाली, "काय बांधतेस?" लामिलने सांगितलं.

मग बोई म्हणाली की घरातल्या घरात असलो तरी रीत ती रीत. आता तर लिहूनही ठेवलंय. विचारल्याशिवाय कसं बांधायचं? हे सगळं समजुतीच्या सुरात, अगदी हळू. आणि त्या दिवशी जे झालं त्यानंतर तर तू विचारावंसच, लोकांच्या डोळ्यांसमोर, म्हणजे तोंडं बंद होतील. तुझ्याच भल्याचं सांगते.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर ये उबॉन आणि आणखी चार-पाच जणी येऊन बसल्या. लामिल कोंबडी घेऊन आली, पाय बांधलेली. ती बोईपुढे उकिडवी बसली, कोंबडी तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, बोई, तुमची नक्षी विणू का? एवढंच म्हणायचं असतं.

बोईने कोंबडीचं वजन हातात तोललं, खूश झाली. म्हणाली, "विण. हवी तितक्यांदा विण, माझी ना नाही. पण कोपरे सांभाळ हं. ते फक्त मलाच दाखवलेत."

"हो, बोई," लामिल म्हणाली. कोंबडी परत उचलून ती चुलीकडे गेली, कारण त्या घरात कापायला आणि शिजवायला दुसरं कोण होतं.